धाकट्याचा गुडघा

धाकट्याचा गुडघा सुजला तेव्हा पहिल्यांदा घरात त्याची थट्टाच झाली.

"माणसाची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात," मास्तर म्हणाले. "तुझी आता मावेनाशी झालेली दिसते."

मास्तर म्हणजे त्याचे काका. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली, त्यामुळे हाडं, सांधे आणि स्नायू ही आपली जहागीर आहे अशी त्यांची पक्की समजूत. रविवारची सकाळ होती. खाली कारखाना बंद होता, रंधा मशीन गप्प होतं, आणि सगळे वरच्या खोलीत जमले होते. धाकटा खुर्चीत, पाय समोर स्टुलावर, विजार मांडीपर्यंत दुमडलेली. गुडघ्याची वाटी दिसतच नव्हती. चारी बाजूंनी सूज अशी चढली होती, की मांडी कुठे संपते आणि नडगी कुठे सुरू होते ते कळेना.

"पडलास का कुठे?" बाईंनी विचारलं.

"नाही गं."

"जिन्यावरून घसरलास? पाय मुरगळला?"

"आई, किती वेळा सांगू? रात्री झोपलो तेव्हा चांगला होता. सकाळी पाय खाली टेकवला तर हे असं."

बाई म्हणजे त्याची आई. कारखान्यातले कामगार त्यांना बाई म्हणत, म्हणून गल्ली बाई म्हणे आणि होता होता घरातलेही तसंच म्हणू लागले. नवरा गेल्यावर लाकडी फरश्यांचा हा धंदा त्यांनीच हातात धरून ठेवला होता. पन्नाशीला आलेल्या मुलाला त्या अजून 'धाकटा' म्हणत. नवीन माणूस विचारायचं, मग थोरला कुठे असतो? त्यावर घरात कुणी उत्तर देत नसे.

"आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं," सूनबाई म्हणाल्या. त्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत. "त्याचा पण असाच एका रात्रीत सुजला होता. युरिक अ‍ॅसिड निघालं. सांध्यात खडे होतात म्हणे, बारीक काचेसारखे."

"संधिवातही असेल," छकुली म्हणाली. "किंवा आत जंतू गेले असतील. बाबा, ताप आहे का? ताप असेल तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर." छकुली धाकट्याची एकुलती एक लेक. बाळंतपणाला आली होती, सातवा संपत आला होता, आणि पोटावर हात ठेवून ती सगळ्या घराची काळजी करत बसायची.

"ताप नाही, खडे नाहीत, जंतू नाहीत," मास्तरांनी निकाल दिला. "धंद्याचा गुडघा आहे. फरश्या बसवायच्या म्हणजे दिवसभर गुडघ्यावर रांगायचं. चामड्याच्या गाद्या बांधल्या म्हणून काय झालं? दादाचे गुडघे आठवत नाहीत का? आत पाणी झालंय. रगडून काढलं की उतरेल."

"ह्यांचे गेले ते साठीनंतर," बाई म्हणाल्या. "आणि धाकटा माझ्या माहेरच्या अंगावर गेलाय. आमच्याकडची माणसं म्हातारपणी जिने धावत चढत. हाडं म्हणजे पोलाद."

मास्तरांनी दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या दिल्या. मग बाह्या सारून गुडघा असा काही रगडला, की धाकट्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. "दुखू दे, दुखू दे," मास्तर म्हणत होते. "दुखलं की उतरतं."

उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा दुप्पट झाला. वरची कातडी ताणून चकाकायला लागली आणि मागच्या बाजूनं एक निळसर डाग पोटरीकडे उतरू लागला. कामगारांनी खुर्चीसकट उचलून त्याला खाली आणला आणि मालाच्या गाडीत घालून दवाखान्यात नेला.

तिथे हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यात सुई घातली. आत त्या वेळी सूनबाई होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाणी नव्हतं, आई," त्या म्हणाल्या. "रक्त होतं. काळपट. सुई भरली, दुसरी भरली, तरी येतच होतं."

गुडघ्यात कॅमेरा घालून बघायचं ठरलं. वेळ ठरली, सह्या झाल्या. त्याआधी म्हणून नेहमीच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, आणि त्यांचे निकाल आले तसं सगळं एकदम थांबलं. ऑपरेशन रद्द. धाकट्याला खाटेवरून उतरायचं नाही, कुणी सुईसुद्धा टोचायची नाही, त्या गोळ्या ताबडतोब बंद. आणि घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या, असा निरोप. विशेष करून पेशंटच्या आईला.

"मला कशाला?" बाई चपला घालता घालता म्हणाल्या. "गुडघा त्याचा आणि चौकशी माझी?" आवाज नेहमीसारखा करारी होता. पण चपलेचा अंगठा काही केल्या सापडेना.

*

दवाखान्याच्या लांब बोळात, खिडकीखालच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. अंगावर करड्या रंगाची साडी, मांडीवर पिशवी, पाठ ताठ. बाईंनी तिला पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"हिला कुणी बोलावलं?"

"मी," सूनबाई म्हणाल्या.

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. या सुनेनं लग्न झाल्यापासून त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"डॉक्टरांनी मोठी माणसं बोलवा म्हटलं," सूनबाईंनी नजर खाली न करता सांगितलं. "आत्या घरातलं मोठं माणूस आहे. आणि ह्यांनीच सांगितलं, आत्याला कळवा म्हणून. ते दर महिन्याला जातात तिच्याकडे. तुम्हाला माहीत नव्हतं."

नव्हतं माहीत. बाई वळून मास्तरांकडे बघू लागल्या. ही म्हातारी मास्तरांचीच बहीण, त्यांनी तरी काही म्हणावं. मास्तरांनी घसा खाकरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

नणंद. बाई तिच्याशी शेवटचं बोलल्या त्याला एक अख्खा जन्म झाला होता. तेव्हा धाकटा पाळण्यात होता आणि बाई तापानं अंथरुणाला खिळलेल्या. थोरल्याला, सहा वर्षांच्या थोरल्याला, दिवसभर आत्या सांभाळायची. एका संध्याकाळी ती त्याला दोन्ही हातांवर घेऊन धावत जिना उतरली, आणि परत आली तेव्हा त्याचं डोकं तिच्या खांद्यावर नुसतं लोंबत होतं. ती काहीतरी सांगत होती. टेबल, टेबल, असं म्हणत होती. बाई अंगात ताप असताना गल्लीत उतरल्या होत्या आणि सगळी दारं उघडतील एवढ्या आवाजात ओरडल्या होत्या, "हिनं माझं पोर पाडलं! हिनं मारलं माझ्या पोराला!" नवरा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं हाच निकाल ठरला. नणंद घरातून गेली. टेलिफोन ऑफिसात लागली, दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहिली, तिथेच म्हातारी झाली. टेबलाचं काय झालं होतं, ते पुढे तिला कुणी विचारलं नाही.

"चला आत," नर्सनं दार उघडलं. "सगळे या."

नणंद उठली नाही. "मी इथेच बसते," ती म्हणाली.

*

डॉक्टरीणबाई, बाईंना मुलगी असती तर तिच्या वयाच्या असतील. समोर कागद पसरले होते, पण त्या कागदाकडे न बघता बोलत होत्या.

"पडल्या-झडल्याशिवाय गुडघा सुजायला शंभर कारणं असतात. झीज असते, युरिक अ‍ॅसिड असतं, संधिवात असतो, जंतू असतात. गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांची वाटीपुढची पिशवीच सुजते. म्हणून आम्ही आतलं पाणी काढून बघतो. तुमच्या मुलाच्या गुडघ्यात रक्त निघालं, आणि मार काहीच नाही. मग आम्ही त्याचं रक्त तपासलं. रक्त गोठण्यासाठी शरीरात काही घटक लागतात. त्यातला एक त्याच्यात कमी आहे. ह्याला हिमोफिलिया म्हणतात. त्याचा प्रकार सौम्य आहे, म्हणून इतकी वर्षं लपून राहिला. रोजचं खरचटणं निभावून जायचं. त्यात ह्या गोळ्या पोटात गेल्या. त्या रक्त आणखी पातळ करतात. आणि वरून चोळलं."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"ह्यांच्या अंगावर नेहमी निळे डाग असायचे," सूनबाई हळूच म्हणाल्या. "मी म्हणायचे, लाकडं लागतात. आणि गेल्या वर्षी दाढ काढली तेव्हा उशी रोज लाल व्हायची. आपण त्या दातवाल्याला शिव्या दिल्या."

"हेच मला हवं होतं," डॉक्टरीणबाई बाईंकडे वळल्या. "आजी, हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला त्रास होतोच असं नाही. तिला कळतही नाही. तुमच्या माहेरी, तुमचे भाऊ, मामा, असं कुणाला रक्त थांबत नव्हतं का?"

"आमच्या माहेरी?" बाई ताठ झाल्या. "आमच्या माहेरी असलं काही नाही. आमची माणसं–"

आणि त्या थांबल्या.

भाऊ होता. बाईंच्या पाठीवरचा. मिसरूड फुटत होतं तेव्हा दात काढायला गेला. घरी आल्यावर वाटीभर रक्त, मग तांब्याभर, मग अंथरूण, आणि पहाटे तो गेला. दातवाल्यानं शीर कापली, असं वडिलांनी ठरवलं. माणसं घेऊन ते त्याच्या दुकानावर गेले आणि पाटी लाथेनं फोडली. तो माणूस गाव सोडून गेला. लहानपणी बाईंना ही गोष्ट शौर्याची वाटायची.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. पुढचं सांगताना त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "आणि तुम्हाला मुलं किती? हा एकच?"

बाहेर कुणाची तरी ढकलखुर्ची कुरकुरत गेली.

"थोरले काका होते," छकुली म्हणाली. "लहानपणी गेले."

"कशानं?"

"पडून," बाई म्हणाल्या.

"कुठून पडला? किती उंचावरून?"

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना कळलं, की आपल्याला माहीत नाही. जिन्यावरून, असं त्या आयुष्यभर मनात बघत आल्या होत्या. जिना, नणंदेचा सुटलेला हात, खाली पडणारं पोर. ते चित्र इतकं स्वच्छ होतं, की ते आपणच काढलंय हे त्या विसरल्या होत्या.

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर जी बसली आहे, तिला ठाऊक आहे."

सूनबाई उठून गेल्या आणि नणंदेला हाताला धरून आत घेऊन आल्या. खुर्ची उरली नव्हती. मास्तर गडबडीनं उठले, "ताई, बस," म्हणाले. ती बसली. बाईंकडे तिनं बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि ती त्यांनाच सांगू लागली.

"चित्र काढत होता. रंगाची कांडी टेबलाखाली गेली. ती काढायला वाकला, आणि वर येताना डोकं कडेला लागलं. टक्‌ असा आवाज झाला, एवढाच. मी चोळलं. रडलासुद्धा नाही. म्हणाला, आत्या, टेबलालाच जास्त लागलं असेल. मग चित्र पूर्ण केलं. दूध प्यायला. दुपारी म्हणाला, डोकं दुखतंय. मी म्हटलं, झोप जरा. संध्याकाळी त्याला उलटी झाली, आणि हाक मारली तर डोळे उघडेना. मी उचलून डॉक्टरकडे धावले. पोचेपर्यंत काही राहिलं नव्हतं."

"कपाळावर जखम?"

"एवढंसं टेंगूळ." तिनं अंगठ्याच्या नखावर बोट ठेवून दाखवलं. "टेबलाला डोकं लागून कुणी मरतं का, असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते. मलाही तसंच वाटायला लागलं. मग मला वाटायचं, मीच काहीतरी केलं असेन. हात सुटला असेल, ढकललं असेन, आणि आता आठवत नसेल. रात्र रात्र आठवून बघायची मी. काही आठवायचं नाही. म्हटलं, एवढी सगळी माणसं कशी चुकतील?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा, इतक्या वर्षांनी खात्री कुणीच देऊ शकणार नाही. मीही देणार नाही. पण मामा तसा गेला, धाकट्या भावाला हा आजार आहे, तर थोरल्यालाही असू शकतो. अशा मुलाला डोक्याला एवढासा मार लागला तरी आतल्या आत रक्त साठत जातं. मूल खेळतं, दूध पितं. बाहेरून काही दिसत नाही. मग झोप येते, उलटी होते. तुम्ही सांगितलंत ते जसंच्या तसं तेच आहे. त्यात तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. तुम्ही लगेच धावला असतात तरी त्या काळी कुणाला कळलं नसतं, आणि द्यायला औषधही हाताशी नसतं."

नणंदेनं मान डोलावली. एखाद्यानं पत्ता सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा, तशी. मग तिची मान डोलतच राहिली, थांबेना. सूनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाई आपल्या मनगटाकडे बघत होत्या. सुरकुतलेल्या कातडीखाली निळ्या शिरा, रोजच्याच. यातून गेलं, त्या स्वतःशी म्हणत होत्या. आईतून माझ्यात, माझ्यातून त्याच्यात. नऊ महिने मी त्याला ज्यावर पोसलं, त्यातच होतं. आणि मी गल्लीत उभी राहून बोट कुणाकडे दाखवलं?

"डॉक्टर," छकुलीचा आवाज आला. तिनं पोटावर दोन्ही हात गच्च धरले होते. "बाबांना आहे म्हणजे मला…?"

"वडिलांकडून प्रत्येक मुलीत येतो. तुमच्यात आहेच. तुमचीही पातळी तपासू, कारण तुम्हालाही बाळंतपणात रक्त जास्त जाऊ शकतं. मुलगा झाला तर त्याला असण्याची शक्यता अर्धी-अर्धी. पण घाबरू नका. आत्ता कळलं हे फार बरं झालं. नसतं कळलं आणि अडल्यावर चिमटा लावून किंवा पंप लावून बाळ ओढून काढलं असतं, तर…" डॉक्टरीणबाईंनी वाक्य सोडून दिलं. "आता तसं करणार नाही. जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासू. हल्ली औषधं आहेत. असली मुलं मोठी होतात, शिकतात, म्हातारी होतात. तुमच्या बाबांना आजच इंजेक्शन सुरू करतोय. गुडघा उतरेल."

छकुली रडायला लागली. भीतीनं की सुटकेनं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं सवयीनं आजीकडे पाहिलं. बाईंचा हात उचललाच जाईना. तेव्हा ती खुर्ची सरकवून आत्याआजीकडे वळली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"ताई," मास्तर खाली मान घालून म्हणाले, "तुझी ट्रंक तेव्हा मीच घराबाहेर–"

"तू गप्प बस," नणंद म्हणाली. "आणि त्या गोळ्या पुन्हा कुणाला देऊ नकोस."

*

दुपारी सगळे धाकट्याच्या खाटेशी गेले. बाई बोळातच राहिल्या. थोड्या वेळानं नणंद पिशवी घ्यायला बाकाशी आली. बाई उभ्या राहिल्या.

"वन्सं."

तो शब्द इतक्या वर्षांत जिभेवर आला नव्हता. नणंद थांबली.

"घरी चला," बाई म्हणाल्या.

"कुठल्या घरी?"

"आपल्या."

"वहिनी, माझा भाऊ शेवटच्या आजारात होता तेव्हा मी तुमच्या दाराबाहेर उभी होते. तुम्ही दार उघडलं नाहीत. तो आतून ऐकत होता, तरी तोही उघडा म्हणाला नाही. माझी आई गेली, तिनं शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आता मी घरी येऊन कुणाला भेटू?"

"माझं चुकलं. मी पाया पडते तुमच्या." बाई खरोखरच वाकायला लागल्या.

नणंदेनं त्यांना दंडाला धरून सरळ केलं. जोरात धरलं होतं. बोटं रुतली.

"इथे नको," ती म्हणाली. "इथे बोळात कोण आहे? एक तुम्ही, एक मी. तेव्हा तुम्ही गल्लीत सांगितलं होतंत ना? दारादारांत माणसं उभी होती. मला एकेकाचं तोंड आठवतं. मग आताही गल्लीतच सांगा."

"कुणाला सांगू? ती माणसं आहेत कुठे आता?"

"ते मला नका विचारू," नणंद म्हणाली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि ती धाकट्याच्या खोलीकडे गेली. आतून धाकट्याचा आवाज ऐकू आला, "आत्या! ये, ये इथे बस," आणि दार बंद झालं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिना उतरल्या. कारखाना चालू होता. कामगारांना वाटलं, माल बघायला आल्या. बाईंनी मशीन बंद करायला सांगितलं. भुसा हवेत तरंगत होता.

"माझा थोरला मुलगा माझ्या नणंदेनं पाडला नव्हता," बाई म्हणाल्या. "त्याला रक्ताचा आजार होता. तो माझ्याकडून आला होता."

कामगार एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातल्या कुणाला बाईंना नणंद आहे हेही ठाऊक नव्हतं. एकानं पुढे होऊन विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का? खुर्ची आणू?"

बाई गल्लीत आल्या. पहिल्या दारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला तरुण पोरगा कानातली वायर काढून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सॉरी आजी, पण मी तर इथे नवीन आहे." दुसऱ्या दारात एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. ऐकता ऐकता तिनं नकळत मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "किती वाईट." पण तेही कुठल्या तरी लांबच्या बातमीला म्हणावं तसं. तिसऱ्या दाराला कुलूप होतं. बाई कुलपासमोर उभ्या राहिल्या आणि तिथेही सांगितलं. रस्त्यानं जाणारा एक माणूस चालायचा थांबला, मग मान हलवून पुढे गेला.

सांगताना प्रत्येक वेळी त्यांना वाटत होतं, हे वाक्य आता हलकं होईल. ते होत नव्हतं. त्या वेळचं वाक्य केवढं सोपं होतं. एकदा ओरडल्या होत्या, आणि ते एका संध्याकाळी सगळ्या गल्लीला पुरलं होतं.

बेकरीवाल्यांच्या घरात मात्र जुनी म्हातारी अजून होती. बाईंपेक्षा मोठी, कानानं कमी, खिडकीशी उन्हात बसलेली. बाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू वर येत होतं.

"टेलिफोनवाली?" ती म्हणाली. "ती?"

"हो."

"तिनं नव्हतं पाडलं?"

"नाही."

"अगं, पण तूच तर सांगितलं होतंस."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."

म्हातारीनं खिडकीचा गज धरला. "माझी नात झाली तेव्हा ती बघायला आली होती. स्वतः विणलेलं टोपडं घेऊन. म्हणाली, एकदा मांडीवर घेऊ का? मी म्हटलं, नको बाई, तू लांबच राहा. तुझ्या शब्दावर म्हटलं मी. तोंडावर दार लावलं. ती काही बोलली नाही गं. टोपडं पायरीवर ठेवून गेली." म्हातारीनं गज सोडून बाईंचं मनगट पकडलं. "आता मी तिला काय सांगू?"

बाई म्हातारीजवळ तशाच उभ्या राहिल्या, तिची पकड आपोआप सैल होईपर्यंत. मग त्या पायरी उतरल्या आणि भिंतीला धरून धरून पलीकडच्या घरापाशी गेल्या. तिथे कोण राहतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दार वाजवलं.